एका रात्रीचे चीवर

कोजागिरीची पौर्णिमा उलटली की चितगावच्या डोंगरी प्रदेशातील पावसाचा जोर ओसरतो. काप्ताई सरोवर या दिवसांत काठोकाठ भरलेले असते, आणि त्याच्या पाण्यातून वर आलेल्या टेकड्यांवरील चकमांची गावे दुरून बेटांसारखी दिसतात. एरवी या गावांच्या धक्क्याला लागणाऱ्या होड्यांतून बाजारहाट करून परतणारी माणसे उतरतात. आश्विनी पौर्णिमेपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंतच्या महिन्यात मात्र पाहुणे उतरतात. स्त्रियांनी कमरेला पिनोन नेसलेले असते, अंगावर हादि घेतलेली असते; पुरुषांच्या हातांत भिक्खुसंघाला द्यावयाच्या वस्तू असतात. गावोगावच्या विहारांत या काळात ‘कठिन चीवरदान’ नावाचा उत्सव होतो. एका विहारात तो वर्षातून एकदाच करता येतो. म्हणून शेजारची गावे परस्परांच्या तिथी सांभाळून आपापला दिवस ठरवतात, आणि महिनाभर एका गावची माणसे दुसऱ्या गावची अतिथी होत राहतात.

उत्सवाचा विधी वरकरणी साधा आहे. वर्षावास संपवून बाहेर पडणाऱ्या भिक्खूंना गृहस्थांनी वस्त्र द्यावयाचे, एवढाच त्याचा गाभा. पुष्कळ विहारांत हे वस्त्र बाजारातून तयार आणले जाते आणि त्याने दानात काही उणे येत नाही. परंतु चकमांच्या मनात ज्या रूपाला सर्वाधिक आदर आहे ते निराळे आहे. त्यात सरकी न काढलेल्या कापसापासून आरंभ होतो. तो पिंजून, कातून, रंगवून, विणून आणि शिवून एका अहोरात्रात चीवर पुरे केले जाते. आदल्या दिवशी दुपारी जो कापूस टोपलीत असतो, तो दुसऱ्या दिवशी दुपारी वस्त्र होऊन संघाच्या हाती पडतो. मध्ये एकच रात्र असते, आणि त्या रात्री गाव झोपत नाही.

या विधीचे मूळ विनयपिटकात आहे. महावग्गाचा सातवा खंध ‘कठिनखंधक’ या नावाने ओळखला जातो. त्यातील कथा अशी की पावा येथील तीस भिक्खू भगवान बुद्धांच्या दर्शनासाठी श्रावस्तीला निघाले; वाटेत साकेत नगरीत असताना पावसाळा लागला आणि नियमाप्रमाणे त्यांना तेथेच थांबावे लागले. श्रावस्ती अवघ्या सहा योजनांवर होती. वर्षावास संपताच ते निघाले, पण पाऊस पुरता थांबला नव्हता. चिखल तुडवीत, भिजलेल्या आणि जड झालेल्या चीवरांनिशी ते जेतवनात पोहोचले. त्यांची ती अवस्था पाहून बुद्धांनी वर्षावास पूर्ण केलेल्या भिक्खूंना ‘कठिन’ पसरण्याची अनुज्ञा दिली. ‘कठिन’ ही मुळात एक लाकडी चौकट होती. तिच्यावर कापड ताणून भिक्खू ते शिवत असत. करण्यास अवघड असे दान म्हणून ते कठिन, हा अर्थ लोकांनी पुढे लावला. शब्दाच्या दृष्टीने तो चुकीचा असला, तरी रात्रभर मागावर बसलेल्या स्त्रीला तोच खरा वाटणार.

विनयाने या दानाला घातलेल्या मर्यादा लक्षात घेण्याजोग्या आहेत. ज्या विहारात भिक्खूंनी तीन महिन्यांचा वर्षावास अखंड पाळला असेल तेथेच ते करता येते. त्याचा काळ आश्विनी पौर्णिमेनंतरचा एक महिना. कार्तिकी पौर्णिमा, म्हणजे महाराष्ट्रातील त्रिपुरी पौर्णिमा, उलटली की त्या वर्षापुरते दार बंद होते. वस्त्र व्यक्तीला मिळत नाही, संघाला मिळते; मग संघ एकमताने आपल्यातील एका भिक्खूची निवड करतो, आणि साधारणपणे ज्याचे चीवर जीर्ण झाले असेल त्याला पहिला मान मिळतो. कापणे, शिवणे, रंगवणे ही सर्व कामे त्याच दिवशी पुरी व्हावी लागतात. मोबदल्यात भिक्खूंना काही महिन्यांसाठी पाच सवलती मिळतात. तिन्ही चीवरे बरोबर न घेता प्रवास करता येणे ही त्यांतील एक. धर्मानंद कोसंबी यांच्या ‘बौद्धसंघाचा परिचय’ या ग्रंथामुळे विनयातील अशा नियमांची ओळख मराठी वाचकांना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच झाली होती. ग्रंथात कोरडे वाटणारे हे नियम डोंगरी गावात मात्र घड्याळासारखे चालताना दिसतात.

एका रात्रीत वस्त्र विणण्याचा आग्रह विनयाच्या मूळ कथेत नाही. चकमा परंपरा त्याचे श्रेय विशाखेला देते. श्रावस्तीच्या या महाउपासिकेने बुद्धांकडे आठ वर मागितले, त्यांत भिक्खूंना पावसाळी वस्त्र देण्याचा वर होता, हे महावग्गात आहे. तिने चोवीस तासांत चीवर सिद्ध केले, ही श्रद्धा त्या कथेच्या आधाराने वाढलेली आहे. शेजारच्या ब्रह्मदेशातही कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास स्त्रिया रात्रभर स्पर्धेने चीवर विणतात. ‘मथो थिंगान’, म्हणजे शिळे न झालेले वस्त्र, असे त्याला म्हणतात. तेथे ही प्रथा बुद्धमाता मायादेवीशी जोडलेली आहे. दोन्हीकडे नायिका स्त्री आहे, ही गोष्ट योगायोगाची नाही. संघात चीवर पांघरणारे पुरुष असले तरी त्या प्रदेशात माग नेहमीच स्त्रीच्या हाती राहिला आहे.

विहाराच्या आवारात बांबूचा मांडव घातलेला असतो. संध्याकाळी पंचशील ग्रहण केल्यानंतर कामाला आरंभ होतो. काही स्त्रिया लाकडी चरकीवर कापसातील सरकी काढतात, काही पिंजतात, काही चरख्यावर सूत धरतात. सुताच्या लडी होताच त्या रंगाच्या कढईकडे जातात. मुळे, खोड, साल, पाने, फुले आणि फळे असे सहा प्रकारचे रंग विनयाने भिक्खूंना सांगितले आहेत. आज पुष्कळ ठिकाणी बाजारातील पूड वापरली जाते. ओले सूत विस्तवाच्या उबेवर वाळवण्यासाठी तरुण मुले रात्रभर निखारे सांभाळतात. वाळलेल्या सुताचा ताणा लागला की विणकर स्त्रिया ओळीने जमिनीवर बसतात. मोठ्या विहारात त्यांची संख्या शेकड्यात जाते, लहान गावात घरटी एक असा हिशेब असतो.

या मागाला चकमा भाषेत ‘बेइन’ म्हणतात. त्याला ना खड्डा लागतो, ना जड चौकट. ताण्याचे एक टोक खांबाला बांधलेले, दुसरे विणकरणीच्या कमरेमागून गेलेल्या पट्ट्याला. ती मागे रेलली की सूत ताणले जाते, पुढे झुकली की सैल पडते. मागाचा निम्मा भाग तिचे स्वतःचे शरीर असते. बांबूच्या काही काठ्या आणि वाणा ठोकून बसवण्याची एक गुळगुळीत लाकडी पट्टी एवढेच साहित्य. काम संपले की सारे गुंडाळून काखेत धरता येते. चकमा मुली याच मागावर ‘आलाम’ नावाचे नमुन्यांचे कापड विणतात. त्यात घराण्यात चालत आलेल्या वेलबुट्ट्या एकेक करून उतरवलेल्या असतात, आणि पुढे नवी नक्षी काढताना ते कापड पोथीसारखे उघडले जाते. परंतु कठिनाच्या रात्री त्यातली एकही नक्षी कामाची नसते. भिक्खूचे वस्त्र साधे असावे लागते. गावातील सर्वांत कुशल हात त्या रात्री आपले कौशल्य बाजूला ठेवून सरळ, बिनफुलाचे कापड विणतात.

दानासाठी कापूसच का, या प्रश्नाचे उत्तर त्या प्रदेशाच्या इतिहासात सापडते. डोंगरउतारावरची झाडी तोडून व जाळून तेथे फिरती शेती करण्याची चकमांची जुनी पद्धत ‘झूम’ या नावाने प्रसिद्ध आहे. कोयत्याने केलेल्या एकाच खळग्यात भात, मका, तीळ, काकडी आणि कापूस यांचे बी एकत्र पडते. मका पावसाळ्यातच हाती येतो, मागून भात येतो, आणि सर्वांच्या शेवटी, आश्विन-कार्तिकात, कापसाची बोंडे फुटतात. अर्थात विनयाने ठरवलेला चीवराचा महिना आणि डोंगरावरचा कापूस वेचणीचा महिना एकच आहे. मगधातील पावसाळ्यावर बेतलेला नियम चितगावच्या डोंगरात इतका सहज रुजला, यामागे हा ऋतूंचा मेळही असला पाहिजे.

हा कापूस सत्ताधीशांनीही ओळखला होता. मोगल अमदानीत या प्रदेशाला ‘कार्पास महाल’ असे नाव होते. अठराव्या शतकाच्या आरंभी चकमा राजाने मैदानी मुलखाशी व्यापार करण्याची मुभा मिळवली ती कापसाच्या रूपाने खंडणी देऊन. १७६० साली चितगाव ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले आणि कापसाची मागणी वाढत चालली. त्यावरून उद्भवलेला झगडा दहा वर्षे चालला. डोंगरातील माणसांना मीठ, सुके मासे, लोखंड यांसाठी मैदानावर अवलंबून राहावे लागे. तो पुरवठा कंपनीने अडवला. अखेर १७८७ मध्ये राजा जानबक्ष खान याने दरसाल ५०० मण कापूस देण्याचे मान्य करून तह केला. पुढे हा कर रोख रकमेत घेतला जाऊ लागला आणि १८६० मध्ये हा मुलूख निराळा जिल्हा म्हणून ब्रिटिश राज्यात सामील झाला. मात्र या सर्व काळात ज्या झुमातून कराचा कापूस जाई, त्याच झुमातून घरच्या वस्त्राचा आणि विहाराच्या दानाचाही कापूस निघे. राजसत्तेला दिलेल्या कापसाचा हिशेब दफ्तरांत उरला. दान केलेल्या कापसाचा हिशेब कोणी लिहून ठेवला नाही.

चकमांचा बौद्ध धर्म जुना असला तरी त्याचे आजचे स्थविरवादी रूप एकोणिसाव्या शतकात घडले. त्याआधी ‘लुरी’ नावाचे पुरोहित गावोगावी धर्मकृत्ये चालवीत. ‘आगरतारा’ नावाच्या, चकमा लिपीत लिहिलेल्या पोथ्या ते वाचीत; त्यांतील पाली पिढ्यान्‌पिढ्यांच्या तोंडी राहून इतकी बदलली होती की अर्थ लावणे कठीण जाई. १८५६ मध्ये आराकानचे सारमेध महास्थविर चितगावला आले आणि त्यांनी विनयानुसार संघाची पुनर्रचना आरंभली. त्या वेळी चकमांचे राज्य कालिंदी राणीच्या हाती होते. १८४४ ते १८७३ अशी सुमारे तीस वर्षे तिने ते सांभाळले. इंग्रज अधिकाऱ्यांशी तिचे वारंवार खटके उडाले, पण सारमेध महास्थविरांकडून तिने स्थविरवादाची दीक्षा घेतली आणि राजाश्रय दिला. बुद्धचरित्राचे बंगालीत भाषांतर व्हावे म्हणून तिने साहाय्य केले. ‘बौद्धरंजिका’ हा ग्रंथ त्यातून निर्माण झाला. वर्षावास, प्रवारणा आणि कठिन यांना गावच्या जीवनात जे निश्चित स्थान मिळाले, त्याची पायाभरणी या काळात झाली.

त्यानंतर शंभर वर्षांच्या आत पाणी आले. पूर्व पाकिस्तानच्या सरकारने कर्णफुली नदीवर काप्ताई येथे जलविद्युत प्रकल्पासाठी धरण बांधले. अमेरिकेच्या आर्थिक साहाय्याने उभारलेले हे धरण १९६२ मध्ये पूर्ण झाले. सुमारे ५४ हजार एकर लागवडीची जमीन बुडाली. जिल्ह्यातील चांगल्या शेतजमिनीचा तो जवळजवळ ४० टक्के भाग होता. सुमारे एक लाख माणसे विस्थापित झाली, त्यांत बहुसंख्य चकमा होते. जुने रांगामाटी शहर बुडाले आणि चकमा राजवाडाही बुडाला. चाळीस हजारांच्या आसपास चकमा सीमा ओलांडून भारतात आले. त्यांतील काहींना १९६४ पासून तत्कालीन नेफामध्ये, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात, वसवण्यात आले. चकमांच्या स्मृतीत या घटनेला ‘बर परंग’, महाप्रस्थान, असे नाव आहे. आज ज्या पाण्यावरून पाहुण्यांच्या होड्या कठिनासाठी येतात, त्याच्या तळाशी भातशेते, घरे आणि जुने विहार आहेत, हे होडीत बसलेल्या वृद्धांना सांगावे लागत नाही.

धरणाच्या पाण्याने ज्यांना हलवले त्यांत अरण्यवासी भिक्खूही होते. साधनानंद महास्थविर (१९२०-२०१२) यांना लोक ‘बनभंते’, म्हणजे वनातले भंते, म्हणून ओळखत. १९४९ मध्ये दीक्षा घेतल्यानंतर धनपातच्या अरण्यात त्यांनी अनेक वर्षे एकांतात साधना केली. काप्ताईचे पाणी चढू लागल्यावर त्यांना ते स्थान सोडावे लागले. १९७० च्या दशकात लंगदू भागातील तिनतिला येथे त्यांच्या प्रेरणेने विशाखेच्या नावाने सांगितली जाणारी एका अहोरात्राची पद्धत पुन्हा प्रचारात आली. पुढे ते रांगामाटीच्या राजवन विहारात आले आणि तेथील कठिन चीवरदान डोंगरी प्रदेशातील सर्वांत मोठा बौद्ध मेळावा ठरले. चकमा राजघराण्यातील व्यक्ती त्यात सहभागी होतात, आणि दूरदूरच्या गावांतील विणकर स्त्रिया आपले बेइन घेऊन येतात. ज्या पिढीने ही पद्धत पुन्हा उचलली, ती जमीन गमावलेल्यांची पिढी होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. तिच्याजवळ झुमाचे डोंगर थोडे उरले होते, सुपीक खोरी उरली नव्हती. कमरेला बांधण्याचा माग मात्र तिने आपल्याबरोबर आणला होता.

पहाटेच्या सुमारास मांडवातील आवाज बदलतो. रात्रभर चाललेली वाणा ठोकण्याची लय एकेका मागावर थांबत जाते, कापड उतरवले जाते आणि भिक्खूंच्या हाती शिवणीचे काम येते. चीवर एकसंध कापडाचे नसते. मगधातील बांधबंदिस्तीची भातखाचरे पाहून त्या आकृतीप्रमाणे चीवराची रचना करण्यास बुद्धांनी आनंदाला सांगितले, असे महावग्गात आहे. म्हणून कापड आधी तुकड्यांत कापतात आणि मग बांध घातल्यासारखे जोडतात. भातशेती पाण्याखाली गेलेल्या लोकांच्या विहारात दरवर्षी कापडावर शेतांची ती आकृती नव्याने उमटते. माध्यान्हीपूर्वी भिक्खूंचे भोजन होते. दुपारी कल्पतरू मिरवत आणतात. बांबूच्या या झाडाला गावकऱ्यांनी वह्या, साबण, नोटा, औषधे असे जे जमेल ते बांधलेले असते. मग तयार चीवर डोक्यावर धरून विहाराला प्रदक्षिणा होते, पालीत दानाचा उच्चार होतो आणि ‘साधु, साधु, साधु’ असा गजर उठतो. कापूस वेचणारी, निखारे सांभाळणारा पोरगा, आणि एखादा फेर कातून चरखा पुढच्या बाईकडे सरकवणारी आजी, या सर्वांचा त्या पुण्यात सारखा वाटा मानला जातो. चीवर कोणाचे, हे सांगता येऊ नये अशीच त्याची घडण आहे.

या विधीकडे पाहताना महाराष्ट्रातील एका शिलालेखाची आठवण होणे अपरिहार्य आहे. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा प्राकृत लेख आहे. काळ इसवी सनाचे पहिले-दुसरे शतक. लेणे संघाला अर्पण करताना उषवदाताने तीन हजार कार्षापणांची ‘अक्षयनीवी’, म्हणजे कधीही मोडावयाची नाही अशी ठेव, गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. त्यांतील दोन हजार कार्षापण दरमहा शेकडा एक या व्याजाने होते, आणि त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण ‘चिवरिक’, चीवरासाठीचे धन, मिळावयाचे होते. हिशेब चोख आहे. दोन हजारांवर महिना वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्खूंना बारा-बारा वाटले की शिल्लक शून्य. उरलेल्या एक हजाराचे व्याज शेकडा पाऊण होते आणि ते भिक्खूंच्या इतर खर्चासाठी होते. कान्हेरीच्या लेखांतही अशा चीवरदानाचे उल्लेख आढळतात.

नाशिकचा लेख आणि डोंगरी गावातील रात्र यांत सामग्री तीच आहे: पावसाळा, भिक्खू, विणकर आणि वस्त्र. फरक व्यवस्थेत आहे. उषवदाताने दानाला काळाच्या तडाख्यातून सोडवण्याचा प्रयत्न केला. त्याने मुद्दल बांधून दिले, निगमसभेत त्याची घोषणा व नोंद करविली, दगडात ते कोरविले. दात्याच्या मृत्यूनंतरही, त्याच्या वंशजांनी काही न करताही, भिक्खूला वस्त्र मिळत राहावे ही त्या योजनेमागची दूरदृष्टी होती. ती काही काळ सफलही झाली असेल. परंतु श्रेणी मोडल्या, नाणे बदलले, लेण्यांतील वर्षावास थांबला. ‘अक्षय’ हा शब्द तेवढा भिंतीवर राहिला. लेख वाचणारी माणसे पुन्हा येईपर्यंत परिसरातील लोकांनी ती लेणी पांडवांच्या नावावर करून टाकली होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धर्माचा स्वीकार केला. त्यानंतर महाराष्ट्रात वर्षावास पुन्हा पाळला जाऊ लागला तो लेण्यांतील ठेवीमुळे नव्हे. वस्त्यांतील विहारांत जमून आषाढापासून आश्विनापर्यंत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन करणाऱ्या कुटुंबांमुळे तो परतला.

चकमांच्या दानात मुद्दल नाही. या वर्षी विणलेले चीवर पुढच्या वर्षी चालत नाही, आगाऊ विणून ठेवलेले कापड त्या रात्रीचे मानले जात नाही, आणि एका गावाचे श्रम दुसऱ्या गावाच्या नावे मांडता येत नाहीत. सर्व काही दरवर्षी पहिल्यापासून करावे लागते. त्यासाठी कातणाऱ्या आजीने नातीला चरखा शिकवलेला असावा लागतो आणि गावाला एक रात्र एकत्र बसता यावे लागते. हिशेबी दृष्टीला ही व्यवस्था अत्यंत कच्ची वाटेल. परंतु राजवाडा बुडाला तेव्हा हिच्यातले काही बुडाले नाही, कारण बुडण्याजोगे हिच्यात काही साठवलेलेच नव्हते. मिझोराममध्ये १९७२ पासून चकमांची स्वायत्त जिल्हा परिषद आहे, त्रिपुरात त्यांची जुनी वस्ती आहे, अरुणाचलातील दियून भागात निर्वासितांची तिसरी पिढी नांदते आहे. २०११ च्या भारतीय जनगणनेत चकमा भाषकांची संख्या सुमारे २ लाख २८ हजार होती. बांगलादेशच्या २०२२ च्या जनगणनेत चकमांची संख्या सुमारे ४ लाख ८३ हजार भरली. या सर्व ठिकाणी विहार उभे राहिले आणि त्यांत कठिन होऊ लागले. अरुणाचलातील चकमांच्या जीविताचे व स्वातंत्र्याचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाला १९९६ मध्ये द्यावा लागला. नागरिकत्वाचा कागद हाती नसलेल्या माणसांनाही आश्विनात आपल्या विहाराची तिथी ठरवता येत होती.

तथापि या व्यवस्थेचे भय कोठे आहे, तेही अलीकडेच दिसले. डोंगरी प्रदेशातील सशस्त्र संघर्षाला २ डिसेंबर १९९७ च्या करारान्वये विराम मिळाला होता, पण जमिनीचे तंटे आणि मैदानातून आणून वसवलेल्या लोकांशी असलेला तणाव मिटला नव्हता. सप्टेंबर २०२४ मध्ये दिघीनाला, खागराछडी आणि रांगामाटी येथे हिंसाचार उसळला. माणसे मारली गेली, घरे आणि दुकाने जाळली गेली, रांगामाटीत विहाराचीही नासधूस झाली. ऑक्टोबरच्या आरंभी डोंगरी प्रदेशातील भिक्खूंच्या संघटनांनी एकत्र येऊन जाहीर केले की सुरक्षिततेच्या अभावी त्या वर्षी कठिन चीवरदानाचा उत्सव होणार नाही. वर्षावास नेहमीप्रमाणे पार पडला होता, झुमातील कापूस नेहमीप्रमाणे फुटला होता, आणि भिक्खूंपाशी अंग झाकण्यापुरते वस्त्रही होते. नव्हती ती फक्त रात्री निर्धास्तपणे एकत्र बसण्याची सोय.

एखादा सण लांबणीवर टाकता येतो. कठिन टाकता येत नाही. कार्तिकी पौर्णिमेनंतर विनय त्याची अनुज्ञा देत नाही, आणि राहिलेले दान पुढच्या वर्षाच्या दानात मिळवताही येत नाही. उषवदाताच्या ठेवीचे एखाद्या वर्षाचे व्याज थकले असते, तर श्रेणीला ते मागाहून चुकते करता आले असते. डोंगरी गावाला तसे करता येत नाही. त्याचे ते वर्ष रिकामेच राहते. म्हणून २०२४ च्या त्या निर्णयाची नोंद केवळ एका रद्द झालेल्या उत्सवाची नोंद नव्हे. ज्या परंपरेने जमिनीवाचून, राजवाड्यावाचून, कित्येकदा नागरिकत्वावाचूनही निभावले, तिला एका गोष्टीवाचून निभावता येत नाही, असे ती नोंद सांगते. ती गोष्ट म्हणजे शेजाऱ्यांमध्ये निर्भयपणे जागवलेली एक रात्र. ती मिळाली तर पुढचे सारे ओळखीचे आहे: संध्याकाळी टोपलीत कापूस, ओळीने मांडलेले बेइन, निखाऱ्यांवर वाळणारे सूत, आणि उजाडताना मागावरून उतरणारे, अद्याप किंचित ओलसर असलेले, एकही फूल नसलेले कापड.